७०६.२ : यकृत मोजणाऱ्या एका आकड्याबद्दल थोडी तक्रार

मागच्या महिन्यात शाळेतल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या बाबांना सिरॉसिस आहे, लिव्हर ट्रान्सप्लांट सांगितलंय आणि आई लिव्हरचा भाग द्यायला तयार आहे. रक्तगट जुळला, सीटी स्कॅन झाला, आणि मग डॉक्टर म्हणाले, आईचं लिव्हर कमी पडू शकतं. मैत्रीण वैतागली होती. "अगं, लिव्हर म्हणजे काय ब्लाउज आहे का, मापात न बसायला?"

मी डॉक्टर नाही. सीटीच्या चित्रांवरून अवयव मोजणाऱ्या प्रोग्रॅम्सवर माझी पीएचडी चालू आहे. त्यामुळे "कमी पडू शकतं" या वाक्यामागे कुठले आकडे असतात ते मला माहीत आहे, आणि त्यातल्या काही आकड्यांबद्दल माझी तक्रारही आहे. आजची पोस्ट त्या तक्रारीची.

आधी थोडी पार्श्वभूमी. जिवंत दात्याकडून ट्रान्सप्लांट करताना दोन प्रश्न एकाच वेळी सोडवायचे असतात. रुग्णाला पुरेल एवढा तुकडा मिळतोय का? आणि दात्याकडे पुरेल एवढं उरतंय का? यकृत पुन्हा वाढतं हे खरं, पण त्याला काही आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस दोघांनाही आहे त्याच तुकड्यावर काढायचे असतात. तुकडा फार लहान असेल तर पोर्टल व्हेनमधून येणारा रक्ताचा लोंढा त्याला झेपत नाही. कावीळ उतरत नाही, पोटात पाणी साठत राहतं. याला स्मॉल-फॉर-साइझ सिंड्रोम म्हणतात.

म्हणून साधारण दोन रेषा आखल्या गेल्यात. तुकड्याचं वजन रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के असावं. आणि दात्याकडे मूळ यकृताच्या ३० टक्क्यांहून कमी उरू नये. बरीच केंद्रं ३५ टक्के धरतात.

दात्याचं यकृत मोजणं तसं सरळ आहे. सीटीच्या प्रत्येक स्लाइसवर यकृताची कडा आखायची, आतलं क्षेत्रफळ काढायचं, त्याला स्लाइसच्या जाडीने गुणायचं आणि सगळ्या स्लाइसची बेरीज करायची. पाव मोजायचा तर एकेक काप मोजून बेरीज करावी, तसंच. ही पद्धत चालते हे १९७९ मध्येच दाखवलं गेलं होतं.

रुग्णाचं मात्र असं करता येत नाही. त्याचं यकृत आजारी असतं, आक्रसलेलं किंवा सुजलेलं. आज ते केवढं आहे यापेक्षा निरोगी असतं तर केवढं असतं, हे आपल्याला हवं असतं. म्हणजे मोजायचं नाही, अंदाज बांधायचा. आणि इथे ७०६.२ हा आकडा येतो.

१९९५ साली 'हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात जपानच्या उराता आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यातलं सूत्र असं :

यकृताचं आकारमान (मिलिलिटर) = ७०६.२ × शरीराचं पृष्ठफळ (चौरस मीटर) + २.४

पृष्ठफळ उंची आणि वजनावरून काढतात. एक गुणाकार, एक बेरीज, झालं. गरजही खरी होती. जपानमध्ये तेव्हा मृत दात्यांचे अवयव जवळपास मिळतच नव्हते. १९९३ मध्ये शिन्शू विद्यापीठात माकुउची यांच्या टीमने जिवंत दात्याच्या यकृताचा डावा, म्हणजे लहान भाग प्रौढ रुग्णाला बसवला होता, त्यामुळे "किती पुरेल" हा प्रश्न रोजचा झाला होता. त्याआधीचं १९६८चं अमेरिकन सूत्र जपानी माणसांना लावलं की उत्तर जास्त यायचं. स्वतःच्या लोकांना स्वतःचं माप हवं, हा उरातांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता, आणि पेपर आजही उद्धृत होतो तो याच जोरावर.

आता तक्रार. सूत्र ९६ जणांच्या सीटीवरून काढलंय. त्यातली ६५ मुलं आणि प्रौढ फक्त ३१. तान्ह्या बाळापासून मोठ्या माणसापर्यंत सगळे एकाच आलेखावर टाकले की बिंदू सरळ रेषेत छान बसणारच. अंगणवाडीतली पोरं आणि तालमीतले पैलवान एकाच आलेखावर घाला, उंची आणि वजनाचं नातं झकास दिसेल. पण त्यावरून दोन पैलवानांमध्ये कोण जड हे सांगता येईल का? प्रौढ रुग्णासाठी खरा प्रश्न हा दुसरा आहे, आणि त्याचं उत्तर ३१ माणसांवर उभं आहे.

याचा परिणाम एका उदाहरणात बघू. रुग्ण १६५ सेंटिमीटर, ६० किलो. पृष्ठफळ साधारण १.६६ चौरस मीटर. उरातांचं सूत्र सांगतं, यकृत ११७५ मिलिलिटर असायला हवं. हॅम्बुर्गच्या हाइनेमान आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १३३२ शवविच्छेदनांवरून सूत्र दिलं. ते सांगतं १४३५. व्होते आणि सहकाऱ्यांचं २००२चं सूत्र पाश्चात्त्य प्रौढांच्या सीटीवरून काढलेलं आहे. ते सांगतं १३०९. माणूस तोच, आणि उत्तरांत २६० मिलिलिटरचा फरक.

आता समजा दात्याकडून ४८० मिलिलिटरचा तुकडा मिळतोय. काही टीम्स अशी रेषा धरतात की तुकडा रुग्णाच्या "असायला हव्या त्या" आकारमानाच्या ४० टक्के असावा. उरातांप्रमाणे तो ४१ टक्के होतो, म्हणजे पास. व्होतेंप्रमाणे ३७, हाइनेमानप्रमाणे ३३, म्हणजे नापास. तुकडा बदलला नाही, रुग्ण बदलला नाही, फक्त पट्टी बदलली.

यात उरातांचा दोष कमी आहे. दोष नंतरच्यांचा, ज्यांनी "जपानी मुलांसाठी आणि काही प्रौढांसाठी" काढलेलं सूत्र सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट करून टाकलं. भारतात बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट जिवंत दात्यांकडूनच होतात, म्हणजे हा आकडा आपल्याकडे रोज वापरात. तरी रिपोर्टवर "स्टँडर्ड लिव्हर व्हॉल्यूम" एवढंच छापलेलं असतं. स्टँडर्ड कुणाचं, ते लिहिलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग सूत्र सोडा आणि ०.८ टक्क्यांचा नियम धरा, तिथे फक्त वजन लागतं. हो, पण वजन कुठलं? सिरॉसिसच्या रुग्णाच्या पोटात सात लिटर पाणी असणं काही विशेष नाही. ६० किलो धरलं तर ४८० ग्रॅमचा तुकडा बरोबर ०.८ टक्के. पाणी वजा करून ५३ किलो धरलं तर तोच तुकडा ०.९. शिवाय सीटी मिलिलिटर देतं आणि नियम ग्रॅममध्ये आहे. जिवंत माणसाच्या यकृतात रक्त भरलेलं असतं; तुकडा काढून, धुऊन तराजूवर ठेवला की तो सीटीच्या आकड्यापेक्षा हलका भरतो. सीटीवर ५२० दिसलेला तुकडा दहा टक्के कमी भरला तर ४६८ ग्रॅम. ६० किलोच्या रुग्णासाठी ०.८७ वरून थेट ०.७८.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्रावर येते, कारण दुसऱ्यांवर टीका करणं सोपं असतं. गेल्या काही वर्षांत यकृताची कडा आपोआप आखणाऱ्या प्रोग्रॅम्सचे पेपर धो धो येतायत. त्यातले बरेचसे २०१७च्या लिट्स स्पर्धेच्या डेटावर शिकवलेले असतात : शिकवायला १३१ स्कॅन, परीक्षेला ७०. निकाल डाइस नावाच्या गुणांकात देतात. माणसाने आखलेली आणि मशीनने आखलेली आकृती एकमेकांवर किती बसते, ते शून्य ते एक या मापात. यकृतासाठी चांगले प्रोग्रॅम ०.९६च्या आसपास जातात. ऐकायला भारी वाटतं.

मलाही वाटलं होतं. पहिल्यांदा माझ्या मॉडेलला असा स्कोअर आला तेव्हा मी लॅबमध्ये पेढे वाटले. गाइडनी एकच प्रश्न विचारला : "कापायच्या रेषेवर किती मिलिलिटरची चूक आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते मोजलंच नव्हतं.

सर्जन अख्खं यकृत काढत नाही. तो मिडल हेपॅटिक व्हेनच्या आजूबाजूने यकृत दोन भागांत विभागतो. धरा, दात्याचं यकृत १२०० मिलिलिटर. उजवा भाग ८२०, उरणार ३८०, म्हणजे जवळपास ३२ टक्के. ठीक. आता मशीनने आखलेली ती रेषा किंचित सरकलेली असली आणि उरणारा भाग खरा ३४० असला, तर २८ टक्के. दाता धोक्यात. चाळीस मिलिलिटर म्हणजे अख्ख्या यकृताच्या तीन टक्क्यांहून थोडं जास्त. आणि अख्ख्या यकृताची बाहेरची कडा अचूक आखली असेल तर डाइस या चुकीबद्दल अवाक्षर काढणार नाही. त्यात लिट्समधले स्कॅन यकृतात गाठी असलेल्या रुग्णांचे; आपला दाता मात्र धडधाकट.

दुसरी खोड सहसंबंधाची. "सीटीचा अंदाज आणि प्रत्यक्ष वजन यांत उत्तम सहसंबंध" हे वाक्य निम्म्या पेपरांत सापडेल. दूधवाल्याचं माप दर वेळी दहा टक्के कमी भरत असेल, तरी खऱ्या मापाशी त्याचा सहसंबंध पूर्ण एक येईल, आणि आपण रोज फसत राहू. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी हे १९८६ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये सांगितलं होतं : दोन मापं जुळतात का हे बघायचं तर त्यांच्यातला फरक मांडा, सरासरी किती आणि पसरलेला किती. चाळीस वर्षं होत आली, आणि आम्ही अजून सहसंबंधच छापतोय.

माझी मागणी फार नाही. प्रत्येक पेपरने तीन गोष्टी द्याव्यात. चूक मिलिलिटरमध्ये, आणि ती अख्ख्या यकृताची नको, दिल्या जाणाऱ्या आणि उरणाऱ्या भागाची वेगवेगळी. दुसरं, ०.८ आणि ३० टक्क्यांच्या रेषेजवळच्या किती जणांना मशीनने चुकीच्या बाजूला टाकलं. तिसरं, चूक कुठल्या दिशेने. उरणारा भाग आहे त्यापेक्षा मोठा दाखवणारी चूक आणि लहान दाखवणारी चूक सारखी नाही. दुसरीत फार तर एक दाता नाकारला जातो. पहिलीची किंमत अशा माणसाच्या शरीरातून वसूल होते जो दवाखान्यात चालत आला होता, ज्याला स्वतःला काहीच झालेलं नव्हतं. आपल्याकडे तो माणूस बहुतेक वेळा बाई असतो : बायको, आई, बहीण. अंगाने लहान, आणि देणार नवऱ्याला किंवा भावाला. म्हणजे रेषेजवळ सगळ्यात जास्त गर्दी त्यांचीच.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की टीमला तीन प्रश्न विचार. सूत्र कुठलं वापरलं? बाबांचं वजन पाण्यासकट धरलं की पाणी वजा करून? आणि या आकड्यात किती कमीजास्त होऊ शकतं? तिने विचारले. डॉक्टरांनी राग न मानता सगळं कागदावर मांडून दाखवलं. बाबांसाठी तुकडा कसाबसा पुरला असता, पण आईकडे २९ टक्केच उरत होते. आता तिच्या मोठ्या भावाच्या तपासण्या चालू आहेत. आई नाराज आहे. तिला वाटतं, एका टक्क्यासाठी आपल्याला बाजूला केलं.

तिला ते अजून पटलेलं नाही. मला मात्र त्या एका टक्क्याला मान देणाऱ्या टीमबद्दल बरं वाटलं.