पोस्टरला चालेल : संशोधन परिषदेतील एका दुर्लक्षित प्रकाराविषयी

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील संशोधन परिषदेसाठी मी निबंध पाठवला होता. विषय होता अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख आणि त्याच्या कालवाचनाचा वाद. आठवड्याभराने संयोजकांचा फोन आला. ‘‘तुमच्या नावाखाली संस्था कुठली लिहायची, सर?’’ मी म्हटले, ‘‘संस्था नाही. मी बुवापाड्यात राहतो, एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो आणि उरलेल्या वेळात वाचतो.’’ पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आले, ‘‘असं करू या. निबंधवाचन राहू द्या. पोस्टरला चालेल.’’

हे ‘पोस्टरला चालेल’ मनात रुतून बसले. पंगतीत जागा नाही, पण ओसरीवर पान मांडतो, असा त्याचा सूर होता. तेव्हापासून सर्वांना खुली असलेली कुठलीही परिषद असली की मी व्याख्याने सोडून पोस्टर पाहत फिरतो आणि वहीत टिपणे काढतो. पुस्तकाची समीक्षा होते, शोधनिबंधाची तपासणी होते. पोस्टर मात्र दोन दिवस भिंतीवर लटकते, परीक्षक गुण देतात आणि संध्याकाळी ते गुंडाळून माळ्यावर जाते. ते चांगले का होते किंवा वाईट का होते, हे कोणी लिहून ठेवत नाही. या लेखात तेवढेच करायचे आहे.

हा प्रकार आला कुठून?

विज्ञान परिषदेतील पोस्टरला फार जुना इतिहास नाही. युरोपातील जीवरसायनशास्त्र संस्थांच्या महासंघाची परिषद १९६९ साली माद्रिद येथे भरली, तेथे पोस्टरांचे सत्र झाले. अमेरिकेत ही पद्धत १९७४ साली मिनिआपोलिस येथील जीवरसायन आणि जीवभौतिकीच्या परिषदेतून रुळली. कारण अगदी व्यवहारी होते. निबंध वाढत गेले, व्यासपीठ आणि दिवसाचे तास तेवढेच राहिले. उरलेल्यांनी आपले काम भिंतीवर लावावे, अशी तोड निघाली. म्हणजे या प्रकाराचा जन्मच वेटिंग लिस्टमधला.

पण या तोडीतून एक गोष्ट नकळत हाती आली. व्यासपीठावरच्या वक्त्याला मध्येच थांबवता येत नाही. पोस्टरशेजारी उभ्या असलेल्या माणसाला थांबवता येते. ‘हे कशावरून?’ असे तोंडावर विचारता येते. विचारणारा प्राध्यापक असेल किंवा चहा वाटणारा शिपाई असेल. पोस्टरचे सगळे बळ या शक्यतेत आहे आणि ते मांडताना सगळ्या चुका ही शक्यता विसरल्याने होतात, असे माझे मत बनले आहे.

आपल्याकडे या प्रकाराला मोठा आधार मिळाला तो ‘आविष्कार’मुळे. राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने २००६ पासून राज्यातील विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा भरते. शेती, औषधनिर्माण, अभियांत्रिकीपासून भाषा आणि ललितकलांपर्यंत सर्व शाखांची मुले त्यात उतरतात. महाराष्ट्रातील कितीतरी विद्यार्थ्यांची संशोधनाशी पहिली ओळख पोस्टरच्या रूपाने होते. एवढ्यासाठी तरी या प्रकाराकडे नीट पाहायला हवे.

वाढदिवसाच्या फ्लेक्सचे व्याकरण

आपण रोज पाहतो ते पोस्टर म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. त्याचे एक पक्के व्याकरण आहे. वरच्या पट्टीत वरिष्ठ नेत्यांचे गोल फोटो, मध्ये उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. वाचणारा मजकूर वाचत नाही, कोणाचा फोटो कोणाच्या वर आहे ते पाहतो.

हेच व्याकरण संशोधनाच्या पोस्टरात शिरले आहे. वर विद्यापीठाचे बोधचिन्ह, महाविद्यालयाचे बोधचिन्ह, मूल्यांकनाची श्रेणी, प्राचार्यांचे नाव, विभागप्रमुखांचे नाव, मार्गदर्शकांचे नाव. वरचा चौथा हिस्सा असा मानपानात जातो, आणि तो नेमका डोळ्यांच्या पातळीवरचा असतो. मुख्य निष्कर्ष खाली उजव्या कोपऱ्यात, गुडघ्यापाशी. तो वाचायला वाकावे लागते. मी वाकून वाचले आहेत, म्हणून सांगतो. कितीतरी चांगले निष्कर्ष गुडघ्यापाशी पडून आहेत.

दुसरा दोष अक्षरांचा. ए-शून्य आकाराचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने साधारण एक चौरस मीटर. एवढ्या जागेत अख्खा निबंध बसवायचा तर अक्षर इतके बारीक होते की चार फुटांवरून त्याची नुसती करडी चादर दिसते. शीर्षक चार-पाच मीटरवरून आणि मजकूर दीड मीटरवरून वाचता यावा, हा साधा दंडक. त्यासाठी मजकूर किमान २४ पॉइंटचा ठेवा, असे इंग्रजी मार्गदर्शिका सांगतात. पण हा आकडा रोमन लिपीचा आहे. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, म्हणून तेवढ्याच पॉइंटात मूळ अक्षर लहान दिसते. माझ्या अनुभवात मराठीला २८ ते ३० पॉइंट लागतात आणि दोन ओळींतले अंतरही सैल ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. म्हणून ठळकपणा अक्षराच्या जाडीतून आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेतून आणावा लागतो. आपली मुले इंग्रजी नमुना घेऊन त्यात मराठी ओततात, तेव्हा हे सगळे बिघडते.

तिसरा दोष भाषेचा, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. एका परिषदेत कृषी शाखेच्या मुलीचे कांद्याच्या साठवणुकीवरचे पोस्टर होते. शीर्षक तीन ओळींचे, इंग्रजी, त्यात एकही क्रियापद नाही. परीक्षक आले तेव्हा तिने पाठ केलेले इंग्रजी म्हणून दाखवले. ते गेल्यावर मी मराठीत विचारले, ‘‘बाळा, तुला नेमकं काय सापडलं?’’ ती लगेच म्हणाली, ‘‘काका, चाळीत कांदा खालून सडतो. बाजूंनी कितीही फटी ठेवा, तळातून हवा खेळली नाही तर उपयोग नाही.’’ हे तिचे शीर्षक व्हायला हवे होते. ते तिच्या तोंडात तयार होते, पण पोस्टरवर यायची त्याला परवानगी नव्हती. मी पाहिलेली बहुतेक पोस्टरे अशीच इंग्रजीत असतात आणि त्यांच्या शेजारी उभी मुले मराठीत विचार करत असतात.

पिंगुळीची पोथी

चित्र टांगून शेजारी उभे राहून सांगणे आपल्याला नवे नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी सांभाळली आहे. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ती अनेकांना कळली. रामायण-महाभारतातील आख्यानांची सुट्या कागदांवर काढलेली चित्रे, त्यांची पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीवर कथा गातो.

या चित्रांत मजकूर नसतो, हे ध्यानात घ्यावे. चित्रात काय ठेवायचे आणि तोंडी काय सांगायचे, याची वाटणी पक्की असते. कोण कोणासमोर उभा आहे, कोणाच्या हातात शस्त्र आहे, हे चित्र सांगते. का, पुढे काय, हे माणूस सांगतो. आपल्या पोस्टरांत ही वाटणीच होत नाही. सगळे कागदावर लिहिलेले असते आणि शेजारचा विद्यार्थी तेच वाचून दाखवतो. मग दोघांपैकी एक जण फुकट उभा असतो.

अर्थात ही तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी. चित्रकथीच्या श्रोत्याला कथा आधीच ठाऊक असते. संशोधनात ती ठाऊक नसते आणि पुरावाही द्यावा लागतो. लेखक चहाला गेला असताना पोस्टरला एकट्याने उभे राहावे लागते. म्हणून थोडा मजकूर हवाच. किती, हा प्रश्न आहे.

एका वाक्याचा फलक

या प्रश्नावर २०१९ साली माइक मॉरिसन या अमेरिकेतील मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने एक जहाल उत्तर दिले. मधली मोठी जागा मोकळी करा, तेथे साध्या भाषेत एकच निष्कर्ष मोठ्या अक्षरांत लिहा, तपशील दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत ढकला आणि पूर्ण निबंधासाठी क्यूआर कोड द्या. त्याचा व्हिडिओ जगभर पसरला आणि पुढे अनेक परिषदांत तशी पोस्टरे दिसू लागली.

त्याचे निदान मला पटते. समोरून चालत जाणाऱ्याकडे काही सेकंदच असतात आणि त्याला थांबवायला एक स्पष्ट वाक्य लागते. कांद्याच्या पोस्टरला हा उपाय शंभर टक्के लागू पडला असता. पण औषध प्रत्येक रोगाला चालत नाही. ज्या कामाचा निष्कर्ष एका वाक्यात मावतो त्याला ते शोभते. ज्या कामात पुरावा दाखवणे हेच मुख्य असते तेथे मोठ्या अक्षरांतले वाक्य दमदाटी करते. वाचणाऱ्याने तपासायच्या आधीच त्याला निकाल ऐकवला जातो. पुरातत्त्व, शिलालेख, वनस्पतींची नोंद, बोलीचा अभ्यास, अशा विषयांत मधली मोकळी जागा निष्कर्षापेक्षा वस्तूला द्यावी, असे माझे म्हणणे आहे. ते मी स्वतःच्या फजितीतून शिकलो.

सात की नऊ?

अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेख शिलाहार राजा मामवाणीच्या काळातला. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शकवर्ष ७८२ असे वाचले. तसे असेल तर मंदिर इसवी सन ८६० चे ठरते. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तेच वर्ष ९८२ वाचले, म्हणजे इसवी सन १०६०. झिजलेल्या दगडावरचा पहिला आकडा सात की नऊ, एवढ्यावर दोनशे वर्षांचा फरक. भगवानलालांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. मामवाणीचा थोरला भाऊ छित्तराज याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा आहे. धाकटा भाऊ थोरल्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी राज्य करू शकत नाही.

माझ्या पहिल्या पोस्टरात हे सगळे होते, आणि शिलाहारांची वंशावळ, मंदिराची भूमिज शैली, वालधुनीचा काठ, गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्या हेही होते. चौदाशे शब्द. उल्हासनगरच्या ज्या दुकानात फ्लेक्स छापायला दिला, तिथल्या मुलाने स्क्रीनवर पाहून विचारले, ‘‘काका, एवढं उभ्या उभ्या कोण वाचणार?’’ मला राग आला. परिषदेत दोन तास उभा राहिलो. सहा जण थांबले, त्यांतल्या दोघांनी जेवणाचा हॉल विचारला.

पुढच्या वेळी त्याच मुलाला शेजारी बसवून पोस्टर केले. मध्ये दोन मोठे आकडे, ७ आणि ९, आणि खाली प्रश्न : मंदिर कोणत्या शतकातले? डावीकडे दोन विद्वानांची दोन वाचने, प्रत्येकी दोन ओळी. उजवीकडे दोन भावांची नावे आणि भांडुपच्या ताम्रपटाचे वर्ष. उत्तर कुठेच छापले नाही. चमकदार फ्लेक्सवर ट्यूबलाइट पडून अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मॅट कागद घेतला. शब्द दीडशेच्या आत.

लोक थांबले. काहींनी दोन भावांवरून स्वतःच हिशेब केला आणि ‘नऊच!’ म्हणाले. ते त्यांचे उत्तर होते, म्हणून ते त्यांना लक्षात राहील. एक गृहस्थ दगडी पाट्या कोरणारे होते. मुलाला स्पर्धेसाठी घेऊन आले होते. त्यांनी विचारले, ‘‘तुम्ही ऊन तिरपं असताना पाहिलंय का? समोरून उजेड पडला की छिन्नीची खोली कळत नाही.’’ मी इतकी वर्षे त्या मंदिरात जातो. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. व्यासपीठावर निबंध वाचला असता तर हा माणूस सभागृहात आलाच नसता.

शेवटचा मुद्दा

भगवानलाल इंद्रजी जुनागढचे. विद्यापीठात न शिकलेले, पण लिपी वाचण्यात तयार. मुंबईत ते भाऊ दाजींकडेच काम करत. इंग्रजी बेताचे, म्हणून गुजरातीत लिहीत आणि दुसरे त्याचे भाषांतर करून छापत. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. आपल्याच आश्रयदात्याचे वाचन त्यांना दुरुस्त करता आले, कारण दगड दोघांसमोर सारखाच होता. पोस्टरकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे. त्याने दगड सर्वांसमोर सारखा ठेवावा.

त्यासाठी संयोजकांनी फार काही करायला नको. पोस्टर जिन्याखाली आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावू नये. त्यांचा वेळ जेवणाच्या वेळेवर टाकू नये. मराठीत पोस्टर केले म्हणून गुण कापू नयेत. आणि परीक्षकांनी नुसते आकडे न देता प्रत्येकाला तीन ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा. कांद्यावर काम करणाऱ्या त्या मुलीला ‘तुझे तोंडचे वाक्य वर लिही’ एवढे कोणी लिहून दिले असते, तरी पुरे होते.

गेल्या वर्षी एका परिषदेचा अर्ज भरताना दोन चौकोन होते, ‘निबंधवाचन’ आणि ‘पोस्टर’. संस्थेच्या नावाची जागा मी नेहमीप्रमाणे कोरी ठेवली आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली.