शून्याला टेकणाऱ्या रेघा

अर्थशास्त्राच्या निबंधातला एक आलेख मी अधूनमधून काढून बघत बसतो. रॉबर्ट जेन्सन यांचा ‘द डिजिटल प्रोव्हाइड’ हा निबंध २००७ साली ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. विषय उत्तर केरळच्या किनाऱ्यावरची तारली आणि होडीत पोचलेला मोबाइल.

सुरुवातीलाच वाचणारा थबकतो. १४ जानेवारी १९९७ची सकाळ, बडगरा. अकरा होड्यांच्या तारलीला गिऱ्हाईक नाही, माल समुद्रात ओतायची वेळ आलेली. आणि पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस खरेदीदार रिकाम्या हातांनी परतायच्या बेतात. यात आळस कुणाचाच नाही. मासळी टिकत नाही, बाजार सकाळी थोडाच वेळ भरतो. एका किनाऱ्याला लागलेली होडी इंधन जाळत दुसरीकडे जाईपर्यंत तिथली खरेदी आटोपलेली असते.

मग तो आलेख. एकाखाली एक तीन चौकटी: कोळिकोड, कन्नूर, कासरगोड. प्रत्येकीत पाच बाजार, प्रत्येक बाजाराची भावाची एक रेघ. आधी नुसता गुंता. एक रेघ वर उसळलेली, तर शेजारची पार शून्याला टेकलेली. माझी नजर तिथेच अडते. हे शून्य स्वस्ताईचं नाही. पहाटे ओढलेलं जाळं परत पाण्यात रिकामं केलं, असा त्याचा अर्थ. पुढे एक उभी रेघ येते, मोबाइल सुरू झाल्याची खूण. तिच्या पलीकडे पाचही रेघा एकमेकींना बिलगून चालू लागतात.

खरी कारागिरी चौकटींच्या मांडणीत आहे. रेघा वरच्या चौकटीत १९९७मध्ये जुळतात, मधल्या चौकटीत १९९८मध्ये. हवापाण्यामुळे फरक पडला असता, तर तो तिन्हीकडे एकदम दिसला असता. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, खाणाऱ्याला तारली ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. फोन नसलेल्या होडीलाही लाभ झाला, कारण भाव साऱ्या किनाऱ्याचाच सावरला होता.

एक गोष्ट मात्र या रेघांत उमटत नाही: उचल. दलालाचं देणं असलेल्या होडीला माल त्याच्याच किनाऱ्यावर उतरवावा लागतो, खिशात फोन असो वा नसो. आलेख कितीही आवडला तरी ही उणीव मला बोचते.

कासरगोडची चौकट मी शेवटी बघतो. वरच्या दोन्ही केव्हाच निवळल्या आहेत. इथे मात्र मे २०००पर्यंत रेघा तशाच वरखाली होत राहतात.