छत्तीस चौकटींचा संयम : फिल्म-छायाचित्रणाच्या पुनरुज्जीवनाची चिकित्सा

प्रास्ताविक

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मला बाजारातून जवळजवळ हद्दपार केल्यानंतर, साधारणतः 2010 नंतरच्या दशकात, पुन्हा फिल्मकडे वळणारा छायाचित्रकारांचा एक वर्ग जगभर उदयास आला. त्यात हौशी अधिक, व्यावसायिक थोडे. इंग्लंडमधील हार्मन कंपनीने 2023 मध्ये 'फीनिक्स' ही नवी रंगीत फिल्म आणली आणि 2024 मध्ये 'पेंटॅक्स 17' हा नवा फिल्म कॅमेरा विक्रीस आला. तेव्हा ही केवळ माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या कॅमेऱ्यांची हौस राहिलेली नाही. या वर्गाने आपल्या छंदाभोवती एक सौंदर्यविचारही उभा केला आहे. फिल्म संयम शिकवते, फिल्म खोटे बोलत नाही, तिचे रंग 'उबदार' असतात, ती वाट पाहायला लावते, ही त्यातील वारंवार येणारी विधाने होत. छंदाविषयी बोलताना अशी विधाने सहज स्वीकारली जातात. पण ती कलेविषयीची विधाने असल्याने त्यांची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने स्टीव्ह मॅकरी आणि गॅरी विनोग्रँड या दोन अमेरिकन छायाचित्रकारांच्या आधारे ती करण्याचा प्रयत्न केला आहे.

कष्ट आणि त्यांचे कौतुक

फिल्मच्या भक्तांचे वैशिष्ट्य असे की ते तिच्या त्रासाविषयी तिच्या सौंदर्याइतक्याच आत्मीयतेने बोलतात. फिल्मचे टोक स्पूलमध्ये नीट अडकले नाही तर छत्तीस वेळा कळ दाबूनही रीळ कोरेच निघते. रीळ पुढे सरकवताना गुंडाळणीची चकती फिरते आहे की नाही याकडे लक्ष ठेवणे हाच त्यावरचा उपाय. विमानतळांवरील नव्या सीटी स्कॅनरमधून न धुतलेली फिल्म गेली तर तिच्यावर धुरकटपणा येतो. कोकणातील दमट हवेत भिंगांना बुरशी धरते आणि निगेटिव्हवरील जिलेटिनलाही. कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी डेव्हलपरचे तापमान सामान्यतः 20 अंश सेल्सिअस गृहीत धरलेले असते. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरील टाकीचे पाणी हाताला चटका देते. तेथे बादलीत बर्फ टाकून रसायने थंड करावी लागतात. आणि थंड डेव्हलपरनंतर एकदम गरम पाण्याने फिल्म धुतली, तर इमल्शनवर सुरकुत्यांची जाळी उमटते. रंगीत निगेटिव्हच्या 'सी-41' प्रक्रियेला मात्र सुमारे 38 अंश तापमान लागते, म्हणजे आपल्या उन्हाळ्याने रंगीत फिल्मवर मेहेरबानीच केली म्हणायची.

या कष्टांना आज जे मूल्य लाभले आहे ते नवे आहे. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत 'रोल धुवायला टाकणे' हे एक सामान्य काम होते. लग्न वा सहल आटोपली की उरलेल्या चार-पाच चौकटी घरातल्या मुलांवर 'संपवल्या' जात. काटकसर होती, परंतु तिला कोणी तत्त्वज्ञान म्हणत नसे. पर्याय नसताना सोसलेली अडचण आणि पर्याय असताना निवडलेली अडचण यांतील हा फरक पुनरुज्जीवनाच्या चर्चेत सहसा लक्षात घेतला जात नाही.

संयमाचा दावा

संयमाच्या दाव्याचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे कोडॅक्रोमचे शेवटचे रीळ. 1935 मध्ये बाजारात आलेल्या या फिल्मचे संशोधक लिओपोल्ड मॅनिस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघेही संगीतकार होते. तिच्यात रंगद्रव्ये नसत. ती धुताना टप्प्याटप्प्याने भरली जात, त्यामुळे ही प्रक्रिया घरी करणे जवळपास अशक्य होते. कोडॅकने 2009 मध्ये उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले आणि कारखान्यातून निघालेले अखेरचे छत्तीस चौकटींचे रीळ मॅकरी यांना दिले. न्यूयॉर्क, भारत आणि तुर्कस्तान असा प्रवास करून त्यांनी ते 2010 मध्ये संपवले. त्यात मुंबईतील चित्रपट कलावंत आहेत आणि राजस्थानातील रबारीही. ते रीळ धुतले गेले ते कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावी, कोडॅक्रोम धुणाऱ्या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेत.

छत्तीस चौकटी आणि तीन देश! संयमाची याहून मोठी कसोटी कोणती? तरीही ही चित्रे पाहताना जाणवते ती सावधगिरी. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे चेहरे, सुनियोजित पार्श्वभूमी, जपून वापरलेला प्रकाश. मॅकरी यांच्या आधीच्या कामात जे सिद्ध झाले होते त्याचीच ही काळजीपूर्वक पुनरावृत्ती आहे. शिवाय फिल्मची चौकट खर्च करण्यापूर्वी प्रकाश आणि रचना डिजिटल कॅमेऱ्यावर पडताळून पाहिली जात होती. टंचाईने येथे धाडस आटले आहे. चौकट मौल्यवान झाली की चूक करण्याची मुभा संपते, आणि चुकीच्या मुभेशिवाय छायाचित्रणात नवे फारसे घडत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

'फिल्म खोटे बोलत नाही' या विधानाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. अंधारखोलीत हात फिरवून आकाश गडद करणे, दोन निगेटिव्ह एकत्र छापणे हे एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. फिल्मवर नाव कमावलेल्या मॅकरी यांच्याच काही चित्रांतून माणसे आणि वस्तू संगणकावर पुसल्याचे 2016 मध्ये उघड झाले. आज तर बहुतेक उत्साही मंडळी निगेटिव्ह स्कॅन करून पडद्यावरच पाहतात.

विलंबाचे मूल्य

चौथे विधान मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. कळ दाबणे आणि प्रतिमा पाहणे यांत फिल्म एक अंतर ठेवते. या अंतराचा सर्वांत गंभीर विचार ज्याने केला तो गॅरी विनोग्रँड (1928–1984) संयमी मुळीच नव्हता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तो अखंड चित्रे घेत असे आणि रिळे धुण्यापूर्वी मुद्दाम वर्ष-दोन वर्षे जाऊ देत असे. यामागील विचार असा की चित्र घेतानाचा आनंद ताजा असेल तर छायाचित्रकार चित्राऐवजी त्या आनंदालाच गुण देतो. स्मरण विरले की चित्र स्वतःच्या पायावर उभे राहते. आपल्या कवितासमीक्षेत निर्मितीक्षण आणि संस्करण यांतील दुराव्याचा जो विचार होतो, त्याच्याशी हे नाते सांगणारे आहे. विलंबाचा उपयोग येथे रोमांच वाढवण्यासाठी होत नाही; भावना उतरवण्यासाठी होतो. 'रीळ धुऊन येईपर्यंतची हुरहुर' सांगणारे आजचे उत्साही लोक नेमका याच्या उलट उपयोग करतात.

पण विनोग्रँडचीही गोष्ट सरळ नाही. मृत्युसमयी त्याने सुमारे 2,500 रिळे न धुता मागे ठेवली. छत्तीसच्या हिशेबाने ही 90,000 चित्रे होतात, जी त्याने कधी पाहिलीच नाहीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे जॉन झारकॉव्स्की यांनी 1988 च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हे अखेरचे काम पाहिले आणि निराशा व्यक्त केली. पुढे 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात लिओ रुबिन्फीन यांनी त्याच राशीतून नव्याने निवड करून तिला वेगळे मोल दिले. प्रश्न असा की ही निवड कोणाची? निवडणे हा जर छायाचित्रकाराच्या कर्तृत्वाचा अर्धा भाग असेल, तर ही चित्रे विनोग्रँडची अर्धीच आहेत. कळ दाबण्यातच सारे कर्तृत्व मानणाऱ्यांना ही अडचण भासणार नाही. प्रस्तुत लेखकाला ती भासते. विलंब एका मर्यादेपर्यंत परीक्षणाचे साधन असतो. त्यापलीकडे तो परीक्षण टाळण्याचा मार्ग होतो, हे विनोग्रँडच्या अखेरच्या वर्षांकडे पाहता नाकारता येत नाही.

उबदार रंग कोणाचे?

'उबदार' रंगांची स्तुती हा या सौंदर्यविचारातील सर्वांत निरागस वाटणारा आणि म्हणूनच सर्वांत तपासण्यासारखा भाग. रंगीत फिल्मचे संतुलन हे कोणाच्या तरी त्वचेला प्रमाण मानून ठरवलेले असते. छपाईयंत्रे जुळवण्यासाठी कोडॅकने प्रयोगशाळांना पुरवलेल्या 'शर्ली कार्डां'वर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी 2009 मध्ये दाखवून दिले की गडद छटांसाठी फिल्म सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या उत्पादकांच्या तक्रारींचाही हात होता. काळ्या माणसाच्या चेहऱ्याआधी चॉकलेटचा रंग बाजाराला महत्त्वाचा वाटला, ही गोष्ट कोणत्याही टीकेपेक्षा अधिक बोलकी आहे. आपल्याकडील जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये फ्लॅशने पांढरीफटक पडलेली वधू आणि मागे अंधारात हरवलेले सावळे नातलग दिसतात, तेव्हा दोष केवळ गावातल्या फोटोग्राफरच्या कौशल्याचा नसतो.

अर्थात फिल्मच्या रंगाशी भारतीय दृष्टीचे नाते केवळ अन्यायाचे नाही. रघुबीर सिंह (1942–1999) यांनी आयुष्यभर रंगीत स्लाइड फिल्मवर काम केले आणि कृष्णधवलातील विषाद ही पाश्चात्त्य संवेदना असून रंग हा भारतीय अनुभवाचा अंगभूत भाग आहे, अशी भूमिका 1998 च्या आपल्या ग्रंथात मांडली. तिच्यात अतिव्याप्ती आहे. तरी मुंबईवरील त्यांची चित्रे पाहताना परक्या फिल्मकडून आपला रंग वसूल करून घेणारा कलावंत दिसतो.

भारतात फिल्मच्या स्मरणरंजनाने ज्याची जवळपास दखलच घेतलेली नाही असे एक नाव येथे नोंदवणे आवश्यक आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने 'इंदू' नावाने कृष्णधवल फिल्म, छपाईचा कागद आणि क्ष-किरण फिल्म तयार केली. आज जुन्या कोडॅक रिळांच्या मुदतबाह्य डब्या हौसेने जमवल्या जातात; 'इंदू'वर घेतलेली चित्रे मात्र कोणाच्या अल्बममध्ये, कोणत्या वृत्तपत्राच्या दफ्तरात आहेत, याची यादी करण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.