नक्कीरराची बाजू

मदुराईच्या पांड्य राजाला एकदा प्रश्न पडला : राणीच्या केसांना येणारा सुगंध उपजत, की फुलातेलांचा? शंका फेडणाऱ्याला हजार मोहरा जाहीर झाल्या. धरुमी नावाच्या एका गरीब माणसाला खुद्द शिवानं कविता लिहून दिली, उपजत सुगंधाच्या बाजूची. दरबारातल्या नक्कीररानं तिच्यात दोष काढला. केसांना स्वतःचा सुगंध नसतो, म्हणाला. मग शिव स्वतः आला. अप्सरांच्या केसांचं काय, देवीच्या केसांचं काय, असं विचारत गेला. नक्कीरर हलला नाही. कपाळीचा डोळा उघडलात तरी दोष तो दोषच, या त्याच्या उत्तरावर तमिळ समीक्षा आजही जगते. ती कविता ‘कुरुंदोहै’ या संघकालीन संग्रहात दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि १९६५ च्या ‘तिरुविळैयाडल’ चित्रपटामुळे हा वाद इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहे. नागेश धरुमी झाला होता, शिवाजी गणेशन शिव, आणि दिग्दर्शक ए. पी. नागराजन यांनी नक्कीरराची भूमिका स्वतःकडे ठेवली होती. तमिळ वाचकाला ही कथा सांगणं म्हणजे पुणेकराला शनिवारवाडा दाखवणं; पण इथं मराठीत लिहिते आहे, तेव्हा ते चालून जावं.

या कथेतून सगळे नक्कीरराचं धैर्य उचलतात. वाद कशाबद्दल होता, हे कुणी मनावर घेत नाही. मला घ्यावं लागलं. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिचे वडील घानाचे, मी गडहिंग्लजकडची, आणि आमचं घर चेन्नईत. दर रविवारी सकाळी न्हाणीघरातल्या स्टुलावर आम्ही दोघी अडीच तास असतो. केसांचे आठ भाग, प्रत्येकाला चिमटा, ओल्या केसांत खोबरेल आणि कंडिशनर, आधी बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकापासून मुळाकडे. मुळाकडून टोकाकडे गेलात तर गाठ घट्ट होते आणि पोर किंचाळते. कोरड्या केसांना कंगवा लावायचाच नाही. असा केस वेटोळं घेत वाढतो, त्यामुळे टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही. ते हातानं पोचवावं लागतं. तेव्हा माझ्यापुरता निकाल लागलेला आहे. सुगंध उपजत नसतो, कुणीतरी तो घालतं, एवढंच नक्कीरर म्हणत होता. तो कष्टांची बाजू घेत होता, बहुधा त्याच्याही नकळत.

हे मनात धरून मी दोन्ही भाषांचं साहित्य पुन्हा चाळलं. केस दोन्हीकडे भरपूर आहेत. संघकवितेत स्त्रीच्या केसांना ‘ऐम्पाल’ म्हणतात, पाच प्रकारांनी बांधलेले. कण्णगी केस मोकळे सोडून राजदरबारात जाते. सुब्रमण्य भारतींच्या ‘पांचाली शपथम्’मध्ये द्रौपदीचे मोकळे केस एका देशाचा अपमान होतात. आपल्याकडे लावणीत बट आहे, आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूचं वपन आहे. १८९० मध्ये त्या कादंबरीचे हप्ते ‘करमणूक’मध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षी मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. म्हणजे केस पाहणारा डोळा आपल्या साहित्यात आहे, केस ओढणारा हात आहे, वस्तरा धरणारा हात तर आहेच. कंगवा धरणारा हात शोधावा लागतो. जात्यावरच्या ओव्यांत आई लेकीची वेणी घालते, पण ते केस लांबसडक, आणि ओवीला घाई असते ती लेकीच्या सासरी पोचायची.

शब्दांचीही पंचाईत आहे. मराठीत ‘कुरळे’ हे कौतुक आहे, पण ते बाळकृष्णाच्या कपाळावर रुळणाऱ्या बटांचं. माझ्या मुलीचे केस रुळत नाहीत, ते उभे राहतात. त्यांच्यासाठी भाषेकडे पिंजारलेले, राठ, झिपऱ्या, टोपलं, सुगरणीचा खोपा असा शब्दसंग्रह आहे, आणि त्यातला एकही शब्द आरशासमोर म्हणता येत नाही. तमिळमध्ये ‘सुरुट्टै’ म्हणतात. गुंडाळणं या धातूतून तो शब्द येतो, ‘सुरुट्टु’ म्हणजे विडीची थोरली बहीण चिरूट त्यातूनच, आणि इंग्रजांनी तोच शब्द उचलला. सुरुट्टैमध्ये निदान शिवी नाही. वस्तू कशी आहे ते सांगून तो शब्द थांबतो. माझ्या मुलीनं स्वतःसाठी तोच निवडला आहे.

बेल हुक्सचं १९९९ चं ‘हॅपी टु बी नॅपी’ हे चित्रपुस्तक तिला मराठीत वाचून दाखवताना मी शीर्षकावरच अडले. ‘नॅपी’ ही गोऱ्यांनी काळ्यांच्या केसांना दिलेली शिवी. हुक्सनं ती पोरीच्या तोंडी लाडाची करून दिली. मी ‘झिपरीच बरी’ म्हणून पाहिलं. मुलगी गप्प बसली. कोल्हापूरच्या सुट्टीत हाच शब्द तिला दुसऱ्या सुरात ऐकायला मिळाला होता, हे मला नंतर कळलं. अमेरिकेतही असं झालं आहे. कॅरोलिव्हिया हेरन या काळ्या लेखिकेचं ‘नॅपी हेअर’ हे पुस्तक १९९८ मध्ये ब्रुकलिनच्या एका गोऱ्या शिक्षिकेनं वर्गात वाचलं, पालक खवळले आणि तिला ती शाळा सोडावी लागली. पुस्तक मुळात घरच्या जेवणावळीतला एक काका बोलतो आणि बाकीचे होकार भरतात, अशा ढंगाचं आहे. त्या होकारांशिवाय ते वाचणं म्हणजे कीर्तनातलं टाळकऱ्यांचं काम काढून टाकणं. माझा अनुवाद याच कारणानं पडला. होकार भरणारं घर माझ्याकडे चेन्नईत नव्हतं, कोल्हापुरातही नव्हतं.

तिच्या पाचव्या वर्षी मी पंधरा दिवस आजारी होते. मानेजवळच्या केसांचा गोळा झाला. आईला फोनवर सांगितलं, तर तिचा आवाज खाली गेला : ‘जट तर नव्हे गं?’ आमच्या भागात हा प्रश्न साधा नाही. डोक्यात जट आली की सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं आलं, पोर देवीला सोडायची. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. त्यात सुलीच्या केसांत जट सापडते आणि तिचं आयुष्य तिथं संपतं. या चित्रपटावर पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक जोगत्याच्या साडीवर आणि संगीतावर. मला मात्र जट सापडते तो प्रसंग आता वेगळा दिसतो. गुंता झालेला आहे, हात भोवती पुष्कळ आहेत, आणि एकही हात तेल घेऊन पुढे येत नाही. सगळे भीतीनं मागे सरतात. गेली कित्येक वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव बायकांच्या जटा सोडवतात, त्यांचं काम शेवटी तेच : कात्री, पाणी, आणि ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस. मी दोन संध्याकाळी बोटांनी तो गोळा सोडवला. एक भाग कापावा लागला. आईला तेवढं सांगितलं नाही.

चेन्नईत सल्ला वेगळा मिळतो : मोट्टै करा. एकदा मुंडण केलं की केस सरळ येतील. जावळाच्या वेळी मराठीतही हेच ऐकलं होतं. इथून तिरुमला जवळ. तिथल्या कल्याणकट्ट्यात रोज हजारो लोक केस वाहतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, आणि त्यातले पुष्कळ चेन्नईच्या निर्यातदारांकडून धुऊन-विंचरून परदेशी जातात. ख्रिस रॉकचा ‘गुड हेअर’ (२००९) हा माहितीपट हीच वाट उलटी चालून भारतात येतो. त्याच्या लहान मुलीनं विचारलं होतं, माझे केस चांगले का नाहीत? त्या प्रश्नातून चित्रपट सुरू होतो. वाट चांगली धरली आहे. काळ्यांच्या केसांच्या पिशव्या घेऊन तो दुकानात विकायला जातो आणि कुणी घेत नाही, हा विनोद तर घशात अडकतो. पण तिरुमलाला आल्यावर त्याचा कॅमेरा पर्यटक होतो. मुंडण झालेली बाई त्याला भोळी वाटते, फसलेली वाटते. केस न्यायला आलेला व्यापार आणि केस वाहायला आलेली बाई यांत त्याला फरक करता येत नाही. आणि मुलीचा मूळ प्रश्न? त्याचं उत्तर शोधण्यापेक्षा त्याला गमती सुचत जातात. तो चित्रपट मी मुलीला दाखवलेला नाही. ज्या शहरातून सरळ केस जगभर जातात त्याच शहरात तिचे केस वाढताहेत, हे तिला कधीतरी कळेलच.

‘हेअर लव्ह’ मात्र दाखवला. मॅथ्यू चेरीचा सात मिनिटांचा हा अॅनिमेशनपट, २०२० चा ऑस्करविजेता. वडील मुलीचे केस करायला जातात, केस त्यांच्याशी मुष्टियुद्ध खेळतात, मग आईनं करून ठेवलेला व्हिडिओ बघून जमतं, आणि शेवटी आई इस्पितळात भेटते, डोक्यावर केस नसलेली. माझे डोळे भरले. मुलगी म्हणाली, ‘आई, एवढ्या लवकर? आणि पाणी कुठंय?’ तिच्याइतकी नेमकी टीका मी वाचलेली नाही. चित्रपटाला वडिलांचं प्रेम दाखवायचं आहे, म्हणून वेळ गिळावा लागतो. आमच्या रविवारी प्रेम असतंच असं नाही. चिडचिड असते, गुडघे दुखतात, तिसऱ्या भागापर्यंत तिची गोष्ट सांगून संपलेली असते.

वेळ न गिळणारं पुस्तक म्हणजे अदिचीची ‘अमेरिकाना’ (२०१३). नायिका इफेमेलू प्रिन्स्टनहून गाडीनं ट्रेंटनला जाते, कारण वेण्या घालणारं दुकान तिच्या गावात नाही. ती त्या खुर्चीत बसते आणि कादंबरी पुन्हापुन्हा तिथं परत येते. कित्येक वर्षांचं आयुष्य, तीन खंड, एक अर्धवट प्रेम, हे सगळं एका बैठकीत. समीक्षक तिला स्थलांतराची कादंबरी म्हणतात, ब्लॉगमधल्या शेऱ्यांची चर्चा करतात. ते शेरे मला कादंबरीतला सर्वांत सैल भाग वाटतात. तिची खरी ताकद खुर्चीत आहे. केस करायला लागणारा वेळ हाच इथं कथनाचा वेळ होतो, आणि वेण्या घालणारी सेनेगलची आयशा निव्वळ पार्श्वभूमी राहत नाही. तिचीही गरज आहे, तीही काही मागते. हात कुणाचा आहे हे अदिची विसरू देत नाही.

गेल्या महिन्यात मुलीच्या डायरीत शाळेचा शेरा आला : केस नीट बांधून पाठवावेत. नीट म्हणजे तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, दुमडून रिबिनीनं वर बांधलेल्या. मी उत्तर लिहायला बसले आणि चार ओळींत नक्कीरर काही आणता आला नाही. शेवटी एवढंच लिहिलं की हे केस रविवारी अडीच तास घेऊन बांधलेले आहेत, कृपया हात लावून पाहावेत.

त्या शनिवारी मैलापूरला टाकीजवळ मोगरा घेतला. फुलवालीनं कोपरापासून बोटांपर्यंत एक मुळम् मोजलं, सवयीनं केसाचा आकडा शोधला, मग मुलीच्या डोक्याकडे बघून आकडा परत डब्यात टाकला. माळ नुसती वर ठेवली. ती तिथंच राहिली.

‘वासाचं काय?’ मी मुलीला विचारलं. नक्कीरराची गोष्ट तिला ठाऊक आहे.

‘फुलांचाच आहे,’ ती म्हणाली. ‘आणि थोडा खोबरेलाचा.’