वर्ग एक, इयत्ता तीन

जव्हार-मोखाड्यातील पाड्यावरची शाळा म्हटली की दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळाला की प्रश्न सुटेल, असे आपण मानतो. आम्हाला हे निदान अपुरे वाटते.

आधी हिशेब पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक. वर्षाला २०० दिवस, ८०० तास अध्यापन. म्हणजे रोज चार तास. एका शिक्षकाकडे तीन इयत्ता असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला ८० मिनिटे येतात. उरलेली १६० मिनिटे मुले फळ्यावरचे उतरवत बसतात. बहुवर्ग अध्यापन कायद्यानेच गृहीत धरले आहे. पाठ्यपुस्तके मात्र इयत्तावार सुटी. दोष मुलांना एकत्र बसवण्यात नाही, एकत्र बसवून सुटेसुटे शिकवण्यात आहे.

घरातलेच उडीद घ्या. काही ओल्या फडक्यात, काही कोरड्या फडक्यात ठेवा. तिसरीची मुले रुजलेले दाणे मोजतील, चौथीची रोज कोंबांची लांबी मापून तक्ता करतील, पाचवीची दोन्ही फडक्यांतील फरकाचे कारण शोधतील. प्रयोग एक, प्रश्न तीन. आणि तिन्ही गट एकमेकांचे ऐकत असतात.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. परतलेल्या मुलासाठी इयत्तेचे पुस्तक थांबलेले नसते. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी यासाठी अभ्यासाची शिडीच केली: मूल ज्या पायरीवर थांबले, तिथूनच पुढे चढते. आपल्याच जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलाने शाळेच्या साच्यात बसावे, हा हट्ट त्यांनी धरला नाही.

तरीही एक इशारा हवा. बहुवर्ग पद्धतीचे गुण सांगून शिक्षकांची पदे रिकामी ठेवणे, किंवा पाचवीच्या मुलीला रोज पहिलीची बाई बनवणे, ही पद्धत नव्हे. ती काटकसर होय. दोघांपैकी एक शिक्षक बैठकीला गेला की तिचे पितळ उघडे पडते.

म्हणून, शिक्षकमित्रहो, बहुवर्ग चांगला की एकवर्ग, हा वाद बाजूला ठेवू. त्या १६० मिनिटांत मुलांच्या हातात काय आहे, एवढेच आपल्या वर्गात उद्या पाहू. शाळेची खरी परीक्षा तिथेच होते.