‘पूज्य’ शब्दाचे दोन अर्थ : एक चिकित्सा

आदराची परमावधि आणि अभावाचीही परमावधि एकाच शब्दानें दाखविली जावी, असें मराठींतील ठळक उदाहरण म्हणजे ‘पूज्य’ हा शब्द होय. गुरुजनांस पत्र लिहितांना आपण आरंभीं ‘परमपूज्य’ लिहितों आणि एखाद्याच्या बुद्धीचा हिशेब मांडतांना ‘अकलेच्या नांवानें पूज्य’ असेंही म्हणतों. आमच्या बालपणीं वडील मंडळी अंक शिकवितांना ‘एकावर पूज्य दहा’ असें म्हणत. सेवेच्या अखेरच्या वर्षीं आम्हीं फळ्यावर दहाचा अंक काढून तेंच म्हटलें, तेव्हां वर्गांतील एकाही मुलास त्याचा अर्थ लागला नाहीं. मोल्सवर्थनें आपल्या कोशांत (१८५७) नोंदलेला हा अर्थ आतां व्यवहारांतून मावळत आहे. म्हणून त्याच्या उगमाविषयीं जीं मतें ऐकूं येतात, त्यांची परीक्षा करणें अवश्य वाटतें.

प्रथम ‘शून्य’ शब्दाकडे पाहूं. वैयाकरणांनीं तो ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा या शब्दापासून साधला आहे. परंतु ‘श्वि’ म्हणजे फुगणें या धातूशीं त्याचा संबंध जोडणें अधिक सयुक्तिक होय. शून म्हणजे फुगलेलें, अतएव आंतून पोकळ. अरबांनीं या अर्थाचें ‘सिफ्र’ असें भाषांतर केलें व त्यापासूनच युरोपांतील ‘सायफर’ आणि ‘झिरो’ हे दोन्ही शब्द निघाले. संस्कृत ज्योतिषग्रंथांत शून्यासाठीं ख, गगन, अंबर, अभ्र, व्योम, पूर्ण, विष्णुपद, अनंत अशीं अनेक नांवें येतात. या प्रसिद्ध मालिकेंत ‘पूज्य’ मात्र नाहीं. तेव्हां हा अर्थ ज्योतिष्यांच्या पोथींतून आलेला नसून लोकव्यवहारांत घडलेला आहे, असें मानणें प्राप्त होतें.

पहिलें मत वेदान्ती वळणाचें आहे. शून्य हें ब्रह्मासारखें निर्गुण व निराकार, म्हणून पूज्य, असें त्याचे पुरस्कर्ते म्हणतात व भास्कराचार्यांचा आधार देतात. आचार्यांनीं बीजगणितांत अनंत अच्युताची उपमा दिली आहे खरी; परंतु ती शून्यास नसून ‘खहर’ राशीस, म्हणजे ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला, दिली आहे. मिळविल्यानें वा वजा केल्यानें जी राशि पालटत नाहीं ती एक, आणि कांहींच नसणें हें दुसरें. या दोहोंचा घोटाळा करून व्युत्पत्ति उभारणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

दुसरें मत ‘पुंज’ या शब्दापासून ‘पूज्य’ काढतें. पुंज म्हणजे ढीग. त्यापासून अभाव कसा निघावा, या शंकेस ‘फुगलेलें’ यापासून ‘रिकामें’ निघालें तसा, असें उत्तर देतां येईल. परंतु फुगलेली वस्तु आंतून पोकळ असते, ढीग पोकळ नसतो. शिवाय मराठीनें या शब्दाचा अनुस्वार ‘पुंजका’ या रूपांत जपून ठेविला आहे. तो केवळ अंकाच्याच नांवांत कां लोपावा, याचें कारण कोणी दाखविलेलें नाहीं.

तिसरें मत आम्हांस जवळचें वाटतें. अशुभ बोलूं नये म्हणून शुभ शब्दाची योजना करणें ही मराठीची जुनी रीत आहे. नारळ ‘वाढवितात’, बांगडी ‘वाढते’, घरांतून निघणारा ‘येतों’ म्हणतो. खुद्द मोजणीही या रीतींतून सुटलेली नाहीं; धान्य मापतांना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणण्याची चाल आहे. ‘शून्य’ या शब्दास तर निपुत्रिकाच्या ओसाड घराची छाया चिकटलेली. जेथें एकाऐवजीं ‘लाभ’ म्हटलें जातें, तेथें शून्याऐवजीं ‘पूज्य’ म्हटलें गेलें, तर नवल नाहीं. पुढें भीति विसरली गेली, शब्द उरला, आणि त्याच्या आदरार्थामुळेंच ‘अकलेच्या नांवानें पूज्य’ या बोलण्यास धार आली.

तथापि आमच्याच मतास एक इशारा देणें आम्हांस भाग आहे. अर्थ जुळला म्हणजे उगम सांपडला असें होत नाहीं, हें आमच्या परिसरांतील गांवांचीं नांवेंच शिकवितात. निर्वासितांच्या छावणीस १९४९ सालीं ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें. दुःख झांकणारें शुभ नांव म्हणून तें आमच्या पक्षीं कोणीही ओढील. परंतु शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचें नांव छावणीहून कितीतरी जुनें आहे. बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याचें ठाणें, ही कथाही अशीच केवळ अर्थाच्या जुळणीवर उभी आहे.

अंबरनाथाचा मोह तर गणिताच्या अभ्यासकास विशेष पडावा. अंबर म्हणजे शून्य, म्हणून अंबरनाथ म्हणजे शून्याचा नाथ! परंतु तेथील शिवालयाच्या शिलालेखांत देवाचें नांव ‘आम्रनाथ’ असें वाचलें गेलें आहे. आम्राचें प्राकृत रूप अंब. त्यांत पुढें कोणास आकाश दिसलें असावें. याच शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला होता. पुढील संशोधकांनीं तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित केला. एका अंकाच्या वळणानें शिलाहार मम्वाणीचें मंदिर दोनशें वर्षें मागें गेलें होतें. जेथें दगडावरील अंक असा चकवा देतो, तेथें तोंडी शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं ठामपणा शोभत नाहीं.

सबब, पहिलीं दोन मतें त्याज्य आणि तिसरें संभाव्य, इतकाच आमचा निर्णय आहे. त्यास सिद्धाची पदवी लिखित पुराव्यानेंच येईल, आणि तो पुरावा वेदान्ताच्या पोथ्यांत मिळण्याचा संभव थोडा. तो असेल तर पाढ्यांच्या बाडांत, उजळणीच्या कागदांत, वाण्याच्या मोडी वह्यांत. आमचे संग्राहक बंधु सचित्र पोथी रेशमी रुमालांत बांधतात आणि हींच बाडें रद्दींत घालतात. त्यांना आमची विनंति एवढीच, कीं तीं टाकण्यापूर्वीं एकवार चाळावीं. ज्या पानावर कोणा पंतोजीनें एकापुढें टिंब देऊन बाजूस ‘पूज्य’ असें लिहिलें असेल, तें पान या शब्दाच्या इतिहासांत कोणत्याही सुवर्णाक्षरी पोथीपेक्षां मोलाचें ठरेल.