संगणकाची साक्ष आणि तिची उलटतपासणी

विज्ञानाची किंवा संगणकशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढे काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी अलीकडे एका विषयाचे नाव वारंवार येते. तो विषय म्हणजे संगणकीय न्यायसहायक विज्ञान, अर्थात डिजिटल फोरेन्सिक्स. जप्त केलेल्या संगणकातून, फोनमधून किंवा पेन ड्राइव्हमधून पुरावा शोधायचा, तो जसाच्या तसा जपायचा आणि न्यायालयाला त्याचा अर्थ सांगायचा, असे हे काम. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. महाराष्ट्रातही मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय नोंद पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणजे आज वर्गात बसलेला विद्यार्थी उद्या तेथे सही करणार आहे. त्या सहीच्या आधारे कोणी सुटेल, कोणी तुरुंगात जाईल. तेव्हा त्याने नेमके काय शिकावे, हा प्रश्न केवळ नोकरीपुरता राहत नाही.

या प्रश्नाच्या संदर्भात आम्ही ब्रायन कॅरियर यांचे ‘फाइल सिस्टिम फोरेन्सिक अ‍ॅनालिसिस’ हे पुस्तक पुन्हा वाचायला घेतले. ते २००५ साली प्रसिद्ध झाले. संगणकाच्या जगात वीस वर्षे म्हणजे एक युगच, मग इतके जुने पुस्तक कशासाठी, असे वाचकांना वाटेल. आमच्या मते या पुस्तकातील काही भाग खरोखरच जुना झाला आहे, पण त्याचा गाभा मात्र आजच्या अनेक अभ्यासक्रमांच्याही पुढे आहे.

पुस्तकाचा विषय मर्यादित आहे. तबकडीवर माहिती कशी मांडलेली असते आणि ती मांडणी तपासताना काय हाती लागते, एवढेच कॅरियर सांगतात. फॅट, एनटीएफएस, एक्स्ट अशा एकेका मांडणीसाठी आधी संकल्पना आणि मग बाइटगणिक रचना, असा क्रम आहे. फॅट मांडणीत फाइल खोडली म्हणजे काय होते ते पाहा. नोंदीतील नावाचे पहिले अक्षर पुसून तेथे २२९ ही संख्या लिहिली जाते आणि फाइलने व्यापलेल्या जागा रिकाम्या म्हणून नोंदल्या जातात. आतला मजकूर तसाच राहतो. हजेरीपटावरून नाव खोडले तरी मुलगा बाकावर बसलेलाच असावा, तसा हा प्रकार. दुसरा कोणी त्या बाकावर येईपर्यंत तो तेथे सापडतो.

मात्र पुस्तकाचे मोल या तपशिलात नाही, ते एका भेदात आहे. कॅरियर तबकडीवरील माहितीचे दोन वर्ग करतात : आवश्यक आणि अनावश्यक. फाइलचा मजकूर कोठे आहे हा पत्ता आवश्यक, कारण तो चुकला तर फाइल उघडणारच नाही. फाइल शेवटची केव्हा पाहिली गेली ही वेळ अनावश्यक, कारण ती चुकली तरी संगणकाचे काहीच अडत नाही. एखादे पत्र आपल्या घरी पोचले, तर पाकिटावरचा पत्ता बरोबर असणारच. परंतु आत कोपऱ्यात लिहिलेली तारीख खरी असेलच असे नाही. पहिल्या प्रकारच्या माहितीवर विश्वास ठेवायला कारण असते, दुसऱ्या प्रकारच्या माहितीला वेगळा आधार शोधावा लागतो.

न्यायालयात वाद होतो तो बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या माहितीवर. फाइल केव्हा बनली, केव्हा बदलली, केव्हा पाहिली? फॅट मांडणीत शेवटच्या पाहण्याची फक्त तारीख असते, वेळ नसते. शिवाय नोंद होते ती त्या संगणकाच्या घड्याळाप्रमाणे, आणि ते घड्याळ कोणीही मागेपुढे करू शकतो. विंडोजवर फाइलची नक्कल केली, की नकलेची ‘निर्मिती’ आजची दिसते आणि ‘बदल’ जुनाच राहतो. म्हणजे जन्मापूर्वीच दुरुस्ती! न जाणणाऱ्याला यात लबाडी दिसेल, जाणणाऱ्याला साधी नक्कल दिसेल. आरोपीचे भवितव्य या दोघांपैकी अहवाल कोणी लिहिला यावर ठरावे, ही गोष्ट भयंकर आहे.

तपास म्हणजे गृहीतके मांडून ती तपासून पाहणे, अशी कॅरियर यांची व्याख्या आहे. वैज्ञानिक पद्धत ती हीच. आज मात्र या विषयाच्या शिक्षणात महागड्या तयार आज्ञावली चालवण्याला अवास्तव महत्त्व आले आहे, असे आम्हाला वाटते. कळ दाबली, अहवाल छापून आला, काम झाले! त्यातून काय घडू शकते याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मिळते. २०११ साली तेथील एका गाजलेल्या खून खटल्यात क्लोरोफॉर्मविषयीचे एक पान ८४ वेळा पाहिले गेले, असे एका आज्ञावलीच्या आधारे सांगण्यात आले. दुसऱ्या आज्ञावलीनुसार ते एकदाच पाहिले होते. ८४ हा आकडा चुकीचा असल्याचे पुढे पहिल्या आज्ञावलीच्या निर्मात्यानेच मान्य केले. मूळ बाइट वाचता येणाऱ्या माणसालाच असा आकडा पडताळून पाहता येतो.

आता पुस्तकाच्या उणिवांकडे वळू. खोडलेले परत मिळते, हा या पुस्तकातून मनावर ठसणारा समज आजच्या एसएसडी साठवणीला सरसकट लागू पडत नाही. तेथे फाइल खोडल्यावर संचालन प्रणाली साठवणीला तसे कळवते आणि साठवण त्या जागा स्वतःहून पुसून टाकते. कूटबद्ध फोन आणि दूरच्या संगणकांवर ठेवलेली माहिती यांचाही विचार येथे नाही. हा काळाचा दोष म्हणून सोडून देता येईल.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या पुस्तकात बाइट आहेत, पण ते वाचणारा माणूस नाही. निना सुंदे आणि इटिएल ड्रोर यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ तपासनिसांना एकच पुरावा दिला होता. प्रकरणाची पार्श्वभूमी मात्र वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली होती. संशयित निर्दोष असावा असे सुचवले गेले, त्या गटाला सर्वांत कमी खुणा सापडल्या. एकाच गटातील तपासनिसांचेही एकमत फारसे नव्हते. तबकडी तीच, बाइट तेच. पाहणारी नजर आधीच वळवलेली होती. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कॅरियर यांच्या शेजारी हा अभ्यास ठेवलाच पाहिजे, आणि तपासनिसाला प्रकरणाची किती माहिती आधी द्यावी, याची चर्चा वर्गात व्हायला हवी.

शाळेतही याची सुरुवात करता येईल. विद्यार्थ्यांना एखाद्या फाइलचा शा-२५६ पद्धतीने ठसा काढायला सांगावे. सोळांच्या पद्धतीतील ६४ अंक मिळतील. मग फाइलमधले एकच अक्षर बदलून ठसा पुन्हा काढावा. सगळे अंक विस्कटलेले पाहून मुले चकित होतील. येथे थांबू नये. दोन ठसे जुळले तर नेमके काय सिद्ध झाले, असे विचारावे. ठसा घेतल्यापासून फाइल बदललेली नाही, एवढेच. ती कोणी लिहिली, तिच्यातला मजकूर खरा की खोटा, याबद्दल ठसा एक शब्दही बोलत नाही. हा फरक ज्याला दहावीत उमगला, तो पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहील तेव्हा आपल्या पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच सांगेल.

कॅरियर यांचे पुस्तक सोपे नाही. लेखनशैली कोरडी आहे, कोष्टके पुष्कळ आहेत. तरीही या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ते वाचावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. लेखकाने तयार केलेली ‘द स्लूथ किट’ ही साधने विनामूल्य मिळतात आणि त्यांची आज्ञावली कोणालाही वाचता येते. आपलाच एखादा जुना पेन ड्राइव्ह घेऊन, त्याची नक्कल करून, त्या नकलेवर पुस्तकातील एकेक विधान तपासून पाहावे. लेखकाचे म्हणणेही तपासल्याशिवाय मानू नये.